बिनशेपटीच्या विमानाचं डोलणारं नाक

(प्रकरण अभ्यास. कॉलेज आणि माणसं ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत.)

पार्श्वभूमी

२६ डिसेंबर २०२४ ला चीनमधल्या चेंगदू शहरावरून एक अनोळखी लढाऊ विमान भर दिवसा उडत गेलं आणि लोकांनी त्याचे व्हिडिओ काढले. पसरट पंख, तीन इंजिनं, आणि मागे उभं शेपूट नाहीच. तीन महिन्यांनी, २१ मार्च २०२५ ला, अमेरिकेने एफ-४७ या नव्या लढाऊ विमानाची घोषणा केली. या दोन बातम्यांच्या मध्ये कधीतरी नवी मुंबईतल्या एका अभियांत्रिकी कॉलेजच्या पाच मुलांनी प्रोजेक्टचा विषय बदलला. आधीचा विषय होता औषध फवारणीचा ड्रोन. वर्गातले आणखी चार गट तोच करत होते, त्यामुळे कोणाला फारसं वाईट वाटलं नाही.

मी या गटाचा बाहेरचा मार्गदर्शक. राहायला ठाण्यात, नोकरी सत्तावीस वर्षं ठाणे-बेलापूर रोडवरच्या रासायनिक कारखान्यांत, काम इन्स्ट्रुमेंटेशनचं. विमानाशी माझा संबंध तिकीट काढून बसण्यापुरता. पण मुलांना कंट्रोल लूप (मोजायचं, चूक बघायची, दुरुस्त करायची हे चक्र) समजणारा माणूस हवा होता आणि मला रविवारी वेळ होता.

शेपूट का काढतात, हे आधी सांगायला हवं. उभा पत्रा बाजूने येणाऱ्या रडारच्या लहरी थेट परत फेकतो, आणि तो पंखाला काटकोनात भेटत असेल तर तो कोपरा आरशासारखा चमकतो. शेपूट काढलं की ती चमक जाते, वजन आणि हवेची ओढही थोडी कमी होते. पण ते शेपूट काम करत असतं. कौलावरच्या वातकुक्कुटासारखं ते नाक वाऱ्याच्या दिशेला धरून ठेवतं. ते गेलं की नाक डावी-उजवीकडे भटकायला मोकळं. मग ते काम सेन्सर, कॉम्प्युटर आणि पंखावरच्या फ्लॅपांनी मिळून, सेकंदाला शेकडो वेळा करायचं.

इथे मुलं एक घोळ नेहमी घालतात. ‘तेजसही टेललेसच की, सर.’ तेजसला मागचे आडवे पंख नाहीत, म्हणून तो टेललेस डेल्टा. उभं शेपूट त्याला चांगलं ठसठशीत आहे. आपल्याकडे दोन्ही नसलेलं उडालं ते डीआरडीओचं उडत्या पंखाचं चाचणी विमान, १ जुलै २०२२ ला चित्रदुर्गच्या धावपट्टीवर.

पहिलं मॉडेल मुलांनी मे २०२५ मध्ये पावसाच्या आधी उरकलं. दीड मीटरचा फोमचा पंख, गरम तारेने कापलेला, मागे ढकलणारे दोन प्रोपेलर, फिन (छोटं उभं शेपूट) एकही नाही. खारघरच्या बाजूच्या एका मैदानावर ते पहिल्याच दिवशी उडालं, आणि बऱ्यापैकी सरळ उडालं. हे यश आम्हाला पुढे महागात पडलं.

अडचण

दुसऱ्या मॉडेलमध्ये मुलांनी प्रोपेलर काढून पंखाच्या आत दोन डक्टेड फॅन (नळीत फिरणारे पंखे) बसवले, कारण अशा खऱ्या लढाऊ विमानाला प्रोपेलर नसतो. पंख साधारण तोच. वजन १.९ किलो. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २ किलोपर्यंत मायक्रो गट, म्हणून त्याच्या वर जायचं नाही हे आधीच ठरलं होतं.

मागे बसवलेला फिरता प्रोपेलर स्वतःच थोडं शेपटीचं काम करतो, हे तेव्हा आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. नॉर्थ्रॉप या अमेरिकन विमान कंपनीच्या लोकांना ते १९४० च्या दशकात कळलं होतं. त्यांचं वायबी-३५ हे उडत्या पंखाचं बॉम्बर प्रोपेलरचं. त्याला जेट इंजिनं लावून वायबी-४९ केलं, तेव्हा गेलेल्या प्रोपेलरची भरपाई म्हणून मागे चार छोटे फिन लावावे लागले. तरीही बॉम्ब टाकायच्या चाचण्यांत त्याचं नाक डोलायचंच. ऐंशी वर्षांपूर्वीची ही गोष्ट विमान पडल्यावर आमच्या वाचनात आली.

पर्याय

ऑक्टोबरमध्ये वागळे इस्टेटमधल्या एका ओळखीच्या वर्कशॉपच्या माळ्यावर बसून, शेपूट नसताना नाक कशाने धरायचं आणि वळवायचं याचे चार पर्याय मांडले.

पंखाच्या टोकांना छोटे उभे फिन लावायचे, हा सगळ्यात सुरक्षित. पण मग प्रोजेक्टचं नावच बदलावं लागलं असतं.

दोन फॅनचा जोर कमीजास्त करून नाक वळवायचं, हा दुसरा. ऐकायला छान. पण फॅनला वेग घ्यायला वेळ लागतो, दोन्ही फॅन मध्यरेषेच्या जवळ असल्याने तरफही आखूड, आणि उतरताना थ्रॉटल बंद केला की हातात काहीच उरत नाही. याच चर्चेत एक्स-३६ चं नाव निघालं. नासा आणि मॅकडॉनल डग्लसचं ते संकल्पित लढाऊ विमानाच्या २८ टक्के आकाराचं, दुरून चालवायचं बिनशेपटीचं मॉडेल १९९७ मध्ये ३१ वेळा उडालं; त्यात मागचा झोत वळवणारं नॉझल होतं आणि दुभंगणारे एलेरॉनही (एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे, विमान कलवणारे हलते भाग). नॉझल आमच्या आवाक्याबाहेरचं होतं.

तिसरा पर्याय पंखाचाच पीळ बदलायचा. जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांट्लने १९३३ मध्ये मांडलेली घंटेच्या आकाराची उचल-वाटणी (पंखाची उचल मध्ये जास्त, टोकांकडे हळूहळू नाहीशी) वापरली तर एलेरॉन फिरवताना नाक उलट दिशेला न जाता हव्या दिशेला जातं. नासाने प्रांट्ल-डी नावाच्या ग्लायडरवर ते करून पाहिलं. फोम कापणाऱ्या मुलाने मात्र हात जोडले. नवा पंख म्हणजे पुन्हा दीड महिना, आणि तोवर सेमिस्टर परीक्षा.

चौथा, पंखाच्या टोकाला वर-खाली दुभंगणारे फ्लॅप. उजवीकडचा उघडला की उजवीकडे हवेची ओढ वाढते आणि नाक उजवीकडे वळतं. अमेरिकेचं बिनशेपटीचं बी-२ बॉम्बर हेच करतं. गटातला एक मुलगा कोळीवाड्यातला. तो म्हणाला, ‘सर, ह्या तर तिसऱ्या. शिजल्या की उघडतात तशा.’ त्या दिवसापासून आमच्या वहीत त्यांचं नाव शिंपले.

चौथा पर्याय घेतला. सोबत एक अट मी घातली, आणि या प्रकरणात माझी बरोबर ठरलेली ती जवळजवळ एकुलती गोष्ट: स्क्रूने काढता येणारे दोन फिन करायचे, पहिली उड्डाणं पूर्ण फिनने, मग अर्धे कापून, मग बिनफिनची.

मैदान

यावर एक परिच्छेद पुरे. मेमधलं मैदान आता चालणार नव्हतं. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानं सुरू झाली, आणि सुरू असलेल्या विमानतळाच्या कुंपणापासून १२ किलोमीटरपर्यंत ड्रोनसाठीच्या हवाई नकाशाचे निर्बंध लागतात. मग मुरबाडच्या बाजूला, त्या नकाशावरच्या हिरव्या, म्हणजे उडवायला मोकळ्या, भागात, भात कापून झालेली जमीन मिळाली. मालक काकांची लेखी परवानगी घेतली. काकांची अट एकच, बैल बुजायला नकोत.

काय केलं, आणि कुठे चुकलो

पूर्ण फिनची चार उड्डाणं ठीक झाली. अर्ध्या फिनची तीनही ठीक. दोन्ही वेळी शिंपले जोडलेले होते आणि कॉम्प्युटर नाकाचा फिरण्याचा वेग बघून त्यांना हुकूम देत होता. डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी फिन काढले.

विमान उडालं, पण नाक डोलायला लागलं. मोठं नाही, पाच-सहा अंश इकडे, पाच-सहा तिकडे, देवळातल्या टांगलेल्या दिव्यासारखं. पायलट पोराने दोन फेऱ्या मारून उतरवलं.

इथे पहिला निर्णय-बिंदू. कंट्रोलचं काम बघणारी मुलगी म्हणाली, ‘सर, डॅम्पिंग कमी पडतंय, गेन वाढवू या?’ डॅम्पिंग म्हणजे डोलणं शमवणं; गेन म्हणजे नाक फिरलं की कॉम्प्युटर किती जोराने उत्तर देतो तो आकडा. मी हो म्हटलं. पुढचे तीन रविवार आम्ही गेनच्या मागे होतो. वाढवला तर डोलणं जलद झालं. कमी केला तर संथ झालं. थांबलं मात्र कधीच नाही.

कारखान्यात हे चित्र मी शंभरदा पाहिलेलं आहे. टाकीची पातळी वर-खाली होत राहते, ऑपरेटर गेन फिरवतो, ताल बदलतो पण हेलकावा मरत नाही. याचा अर्थ दहातल्या आठ वेळा एकच: कंट्रोल व्हॉल्व्ह अडकतोय. ग्लँड (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचं सील) जास्त आवळली असेल किंवा स्टेमला, म्हणजे दांड्याला, प्ले (सैलपणा) असेल. नवीन पोरांना मी पहिल्या आठवड्यात सांगायचो की ट्यूनिंगला हात लावायच्या आधी व्हॉल्व्हजवळ जा आणि हुकुमाप्रमाणे तो हलतोय का ते डोळ्यांनी बघ. तोच मी मुरबाडच्या शेतात लॅपटॉपसमोर बसून आकडे बदलत होतो. विमान म्हणजे काहीतरी वेगळं, त्याचं गणित वेगळं, असं मनात कुठेतरी बसलं होतं.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी विमान पडलं. अकरा वाजून गेले होते, वारा उठला होता, आणि खरं तर आम्ही थांबायला हवं होतं. उतरताना वेग कमी झाला, डोलणं वाढलं, नाक डावीकडे गेलं ते परत आलंच नाही. डावा पंख धसकटात रुतला. फोम चिकटवता येतो, पण त्या दिवशी परतीच्या प्रवासात टिटवाळ्यापर्यंत कोणी बोललं नाही.

वर्कशॉपमधला शोध

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुटलेलं विमान माळ्यावर टेबलावर ठेवलेलं होतं. वर्कशॉपचे मामा चहा घेऊन वर आले. लेथवर आयुष्य गेलेला माणूस, विमानाशी देणंघेणं नाही. त्यांनी शाबूत उजव्या पंखाचा शिंपला दोन बोटांत धरला, वर-खाली हलवला आणि म्हणाले, ‘याला केवढा प्ले आहे हो!’

शिंपला हलवणारी छोटी मोटर, म्हणजे सर्व्हो, चालू होता, जागेवर घट्ट होता. तरी शिंपल्याची कड पट्टीवर मोजली तर जवळपास तीन मिलिमीटर मोकळी हलत होती. शिंपल्याची रुंदी पस्तीस मिलिमीटर. म्हणजे पाच अंशांच्या आसपास. सर्व्होपासून शिंपल्यापर्यंत जाणाऱ्या तारेचं (पुशरॉडचं) झेडसारखं वाकवलेलं टोक, म्हणजे झेड-बेंड, शिंपल्यावरच्या हॉर्नच्या (छोट्या दांड्याच्या) भोकात सैल, भोक उड्डाणागणिक घासून लंबगोल झालेलं, आणि पुशरॉड लांब असल्याने मध्ये वाकत होता. कॉम्प्युटर दोन अंश उघड म्हणायचा, सर्व्हो इमानदारीने फिरायचा, आणि शिंपला जागेवरच.

मग उड्डाणाचा लॉग पुन्हा उघडला. तिथे ते सगळं दिसत होतं, आम्हीच बघितलं नव्हतं. नाक एका बाजूला सरकतंय, हुकूम वाढत चाललाय, काहीच होत नाही. मग एकदम नाक उलट फिरतं आणि पलीकडे जातं. कंट्रोलवाल्या मुलीने लॉगचा कागद खिडकीला चिकटवला. त्यावर करवतीच्या दात्यांसारखी रेघ होती.

छोटा हत्ती

दुसरा निर्णय-बिंदू इथे. लिंकेज (सर्व्हो ते शिंपला ही जोडणी) आवळून लगेच उडवावं असं चौघांचं मत. कंट्रोलवाली म्हणाली, ‘एकदा फसलोय, आता मोजून बघू.’ तिचं ऐकलं.

एका रविवारी सकाळी तळोज्याला, ओळखीच्या कंपनीच्या आतल्या रस्त्यावर, छोटा हत्ती टेम्पो घेतला. केबिनच्या बराच वर येईल असा पाइप बांधला, टोकाला बेअरिंग, बेअरिंगवर दुरुस्त केलेलं विमान, डावी-उजवीकडे फिरायला मोकळं. पंखाच्या टोकाला दोरी, दोरीला स्प्रिंगचा काटा. गाडी ताशी ४० ला स्थिर ठेवायची, शिंपला एकेक अंश उघडायचा, काटा वाचायचा. ड्रायव्हरदादांनी पहिल्या फेरीनंतर विचारलं की हे उडून तर जाणार नाही ना. आम्ही आणखी एक पट्टा बांधला.

लिंकेज आता घट्ट होतं, तरीही पहिल्या चार अंशांपर्यंत काटा हललाच नाही. पाचव्याला किंचित, सहानंतर चढता. कारण हवेत होतं: पंखाच्या मागच्या कडेला पोचेपर्यंत पृष्ठभागालगतची हवा मंदावते आणि तिचा जाड थर तयार होतो. थोडासा उघडलेला शिंपला त्या सुस्त थरातच राहतो. बाहेरच्या वेगवान हवेला तो दिसतच नाही. छोट्या, हळू मॉडेलवर हा थर पंखाच्या मानाने आणखी जाड. म्हणजे प्लेचे पाच अंश आणि हवेचे चार, अशी मधली बरीच जागा मेलेली होती. शेपूट नसलेलं विमान नेमकं त्या मधल्या जागेतच दिवस काढतं.

उपाय बी-२ च्या फोटोत होता. ते उतरतानाचा कुठलाही फोटो बघा, टोकाचे फ्लॅप दोन्हीकडे आधीच उघडे दिसतात. आम्ही दोन्ही शिंपले कायम आठ अंश उघडे ठेवले. उजवीकडे वळायचं तर उजवा आणखी उघडायचा, डावा थोडा मिटायचा. दोन्ही मेलेल्या जागेच्या बाहेर. याचा एक फायदा आम्ही धरलाही नव्हता: उघड्या शिंपल्याला हवा सतत मिटवायला बघते, त्यामुळे लिंकेज कायम एका बाजूला दाबलेलं राहतं आणि उरलासुरला प्ले जाणवत नाही.

किंमत मोजावी लागलीच. ओढ वाढली आणि बॅटरी साडेपाच मिनिटांऐवजी साडेचार मिनिटं पुरायला लागली. खऱ्या स्टेल्थ विमानात किंमत वेगळी: उघडा फ्लॅप रडारला दिसतो. म्हणजे जिथे लपायचं तिथे तो मिटायचा, आणि मग नाक धरायला दुसरं काहीतरी हवं, उदाहरणार्थ इंजिनांच्या जोरातला फरक. आम्ही ऑक्टोबरमध्ये बाद केलेला पर्याय क्रमांक दोन.

बाकीचे बदल भराभर झाले. झेड-बेंडच्या जागी बॉल-लिंक, सर्व्हो शिंपल्याच्या शेजारी. वरचा आणि खालचा पत्रा सारखा उघडत नव्हता, त्यामुळे नाकासोबत पंखही कलायचा; हॉर्न बदलून ते सरळ केलं. आणि गेन वेगाप्रमाणे बदलता ठेवला, कारण शिंपल्याचा जोर वेगाच्या वर्गाने घटतो: ताशी ६० ला जेवढा, त्याच्या ४४ टक्केच ताशी ४० ला. विमान उतरतानाच का पडलं, त्याचं उत्तर या आकड्यात होतं.

दंव

या शेवटच्या बदलाने एक नवी भानगड आली. गेन आता वेगाच्या सेन्सरवर अवलंबून. फेब्रुवारीत पहाटे शेतावर दंव पडलेलं, हवेचा वेग मोजणाऱ्या पिटोच्या नळीत थेंब शिरला आणि उभं विमान स्वतःला ताशी ३० ने उडतंय असं समजत होतं. उड्डाणापूर्वी पायलटच्या लक्षात आलं म्हणून वाचलो. २३ फेब्रुवारी २००८ ला ग्वाममध्ये एक बी-२ याच जातीच्या चुकीने गेलं: हवेच्या दाबाच्या सेन्सरमध्ये ओल असताना कॅलिब्रेशन झालं, कॉम्प्युटरला वेग आणि कोन चुकीचे मिळाले, धावपट्टी सोडतानाच नाक वर उचललं गेलं. दोन्ही वैमानिक बाहेर पडले, विमान जळालं. त्या दिवसानंतर आमच्या नळीवर झाकण, उड्डाणाआधी फुंकून तपासणी, आणि सेन्सर जीपीएसच्या वेगाशी फारच फटकून बोलायला लागला तर गेन एका ठरलेल्या आकड्यावर परत, असं केलं.

निष्पत्ती

बिनफिनची नऊ उड्डाणं झाली. सरळ उडताना नाक एक-दीड अंशाच्या आत राहतं. वळण स्वच्छ. आडव्या वाऱ्यात उतरणं मात्र सुटलेलं नाही. दोन वेळा विमान तिरपं टेकलं आणि एकदा फॅनची पाती गेली. अखेर नियम केला की झाडाची पानं सतत हलायला लागली की उडवायचं नाही. हा नियम काकांनी सुचवला आणि आमच्या वाऱ्याच्या मीटरपेक्षा तो जास्त पाळला गेला.

प्रदर्शनात प्रत्येकाने विचारलं की हे रडारला दिसत नाही का. फोम रडारला तसाही बराचसा पारदर्शक. आतली बॅटरी, मोटर आणि कार्बनचा रॉड मात्र छान दिसत असणार. आम्ही ते मोजलेलं नाही आणि मोजल्याचा आव आणला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

छोटा हत्ती ऑक्टोबरमध्येच घ्यायला हवा होता. त्या सकाळचा खर्च एका तुटलेल्या पंखापेक्षा कमी आला.

अर्ध्या फिनच्या उड्डाणांतून आम्ही चुकीचा निष्कर्ष काढला. ती नीट झाली म्हणून शिंपले काम करताहेत असं मानलं. प्रत्यक्षात काम अर्धे फिनच करत होते. त्या वेळी हवेत असतानाच शिंपल्यांना मुद्दाम एक झटका द्यायचा आणि नाक किती हलतं ते बघायचं, एवढं केलं असतं तरी मेलेली जागा कळली असती. कारखान्यात व्हॉल्व्हला असाच झटका देऊन बघतात.

एका गोष्टीवर गटात अजून वाद आहे. पहिलं प्रोपेलरचं मॉडेल का उडतं हे न विचारता आम्ही पुढे गेलो. मुलांच्या मते उडालं होतं, मग पुढे जाणं योग्यच. वेळ कुठे होता? माझ्या मते एक रविवार पुरला असता: प्रोपेलरची पाती काढायची, हाताने उतारावरून सोडायचं आणि नाक कुठे जातं ते बघायचं. कंट्रोलवाली या वादात माझ्या बाजूने नाही. तिचं म्हणणं, तेव्हा ती चाचणी सुचायला आधी विमान पडायला हवं होतं.

काढलेले फिन वर्कशॉपच्या माळ्यावर स्क्रूंसकट एका डब्यात आहेत. पुढच्या बॅचच्या मुलांनी परवा ते मागितले.